लिव्हरच्या गाठीचं ऑपरेशन झाल्यावर रक्ताचे आकडे कसे वाचायचे

सकाळी साडेसातला लॅबचं शटर वर गेलं की पहिले चार-पाच जण ठरलेले असतात. उपाशीपोटी शुगरवाले, थायरॉईडवाले, आणि महिन्यातून एखाद-दोन वेळा काखेत जाडजूड फाईल धरून आलेला एखादा माणूस. फाईलवर मुंबईच्या नाहीतर पुण्याच्या दवाखान्याचा शिक्का असतो, आत स्कॅनची सीडी, आणि सोबत मुलगा किंवा सून. रक्त देऊन झालं की पेशंट बाकावर कापूस दाबून बसतो. तेवढ्यात सोबतचं माणूस हळूच आत येऊन विचारतं, "ताई, ह्यावरनं कळतं का हो, आता किती वर्षं..." पुढचं वाक्य पुरं होत नाही.

मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये सोळा वर्षं टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे त्या प्रश्नाचं उत्तर मी काउंटरवर देत नाही. पण २०१९ मध्ये कागलकडच्या माझ्या सख्ख्या मामांच्या लिव्हरमधली गाठ काढली आणि त्या बाकावर बसायची पाळी माझ्यावर आली. रोज आकडे बघणारी मी, पण आपल्या माणसाच्या नावाचा कागद हातात आला की अक्षरं पळायला लागतात. ज्यांच्या हातात अशी फाईल याच आठवड्यात पहिल्यांदा आली असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. रक्तातले हे आकडे माणसांच्या गटाबद्दल बोलतात. अमुक आकडा जास्त असलेल्यांमध्ये गाठ परत येण्याचं प्रमाण जास्त, हे खरं. पण तुमच्या घरातला माणूस त्या गटातल्या परत येणाऱ्यांत की न येणाऱ्यांत, हे तो आकडा सांगत नाही. आकड्यांचा खरा उपयोग वेगळा आहे. पुढचा स्कॅन किती लवकर करायचा, कुठलं औषध आजच सुरू करायचं आणि कुठली काळजी सोडून द्यायची, हे त्यांतून ठरतं.

पहिलं काम: गाठ कुठली ते लिहून घ्या

'लिव्हरचा कॅन्सर' असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात निदान तीन वेगळे आजार येतात. लिव्हरच्याच पेशींची गाठ, तिला फाईलवर हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा किंवा नुसतं 'एचसीसी' लिहिलेलं असतं. लिव्हरच्या आतल्या पित्तनलिकांची गाठ, म्हणजे कोलँजिओकार्सिनोमा. आणि तिसरी, मोठ्या आतड्यातून येऊन लिव्हरमध्ये बसलेली गाठ. ही मुळात लिव्हरची नसतेच.

तिघींची रक्ततपासणी वेगळी. पहिलीसाठी एएफपी, दुसरीसाठी सीए १९-९, तिसरीसाठी सीईए. गाठ असली की रक्तात वाढू शकणाऱ्या पदार्थांची ही नावं. आतड्याच्या गाठीचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा एएफपी नॉर्मल आला म्हणून पेढे वाटायला निघालेलं घर मी पाहिलं आहे. त्या आजारात एएफपी नॉर्मलच असतो. सीए १९-९ ची आणखी एक गोम अशी की पित्ताची वाट अडली असेल तर गाठ नसतानाही तो चढतो, आणि काही लोकांच्या शरीरात तो जन्मतःच तयार होत नाही.

पुढे जे लिहिते आहे ते मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल, एचसीसीबद्दल आहे. मामांना तीच होती. दारू त्यांनी कधी तोंडाला लावली नाही. त्यांना हिपॅटायटीस बी, म्हणजे लिव्हरला सूज आणणारा विषाणू, होता आणि साठी ओलांडेपर्यंत त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

वही घाला, आणि लॅब बदलू नका

शंभर पानी वही घ्या, मोबाईलमध्ये नको. मोबाईल मुलाच्या खिशात जातो आणि डॉक्टरांसमोर पेशंट एकटा बसतो. पानावर आडवे रकाने आखा: तारीख, लॅब, एएफपी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, प्लेटलेट, न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट. बिलिरुबिन म्हणजे काविळीचा आकडा, अल्ब्युमिन म्हणजे लिव्हरनं बनवलेलं रक्तातलं प्रोटीन, आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती उशीर लागतो त्याचा आकडा, आणि शेवटची तीन नावं रक्तातल्या पेशींची. शेवटी एक रुंद रकाना 'त्या दिवशी तब्येत कशी होती' यासाठी ठेवा. हा शेवटचा रकाना लोक गाळतात, पण माझ्या मते सगळ्या वहीत तोच मोलाचा आहे. ताप होता का, अँटिबायोटिक चालू होतं का, सलाईनमधून अल्ब्युमिनची बाटली चढवली होती का, हे लिहिलं नसेल तर सहा महिन्यांनी आकडा असा का आला ते कुणालाच सांगता येत नाही.

प्रत्येक आकड्यापुढे त्याचं एकक लिहा. हे का सांगते ते ऐका. ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात मामा लेकीकडे पुण्याला होते. तिथल्या एका लॅबमध्ये एएफपी ५.० आला. आठव्या महिन्यात इथं केला तर ६.१. मामींनी रात्री साडेदहाला फोन केला. "पाचाचं सहा झालं गं. परत वाढाय लागलं का?" मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. पुण्याचा रिपोर्ट इंटरनॅशनल युनिटमध्ये होता, आमचा नॅनोग्रॅममध्ये. एएफपीचं एक युनिट म्हणजे साधारण १.२१ नॅनोग्रॅम. पाचाला १.२१ नं गुणलं की सहा येतात. आकडा तसूभरही हलला नव्हता, पण मामींची ती रात्र गेलीच.

यंत्र आणि पद्धत बदलली की एकक तेच असूनही थोडा फरक पडतो. म्हणून शक्यतो एकच लॅब धरा. महागडी असायची गरज नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एलएफटी (लिव्हरच्या कामाची तपासणी) यांसारख्या साध्या तपासण्या सीपीआरला, म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्यातही होतात. तिथं करत असाल तर त्या दर वेळी तिथंच करा. आणि केसांसाठी, नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. कित्येक यंत्रांत बायोटिनमुळे आकडा चुकीचा येतो, आणि एएफपीसारख्या तपासणीत तो खरा असेल त्यापेक्षा कमी दिसू शकतो.

ऑपरेशनच्या आधीचा एएफपी

एएफपी हे मुळात गर्भातल्या बाळाचं प्रोटीन. आईच्या पोटात असताना बाळाचं लिव्हर ते भरपूर बनवतं. जन्मानंतर ते उतरत जातं आणि मोठ्या माणसात नावापुरतं उरतं. म्हणूनच गरोदर बाईच्या रक्तात ते वाढलेलं असतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. १९६३ मध्ये मॉस्कोत गॅरी अबेलेव यांना लिव्हरची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात हे बाळपणीचं प्रोटीन परत आलेलं दिसलं आणि पुढच्याच वर्षी तातारिनोव यांना ते माणसात सापडलं. लिव्हरची पेशी बिघडते तेव्हा तिला लहानपण आठवतं, असं मी मामांना सांगितलं होतं. त्यांना ते पटलं.

बहुतेक लॅबमध्ये नॉर्मलची वरची मर्यादा १० नॅनोग्रॅमच्या आसपास असते. ऑपरेशनआधी तो ४०० च्या वर असेल तर गाठ जास्त आक्रमक असण्याची आणि रक्तवाहिन्यांत शिरलेली असण्याची शक्यता वाढते, आणि ऑपरेशननंतर ती लवकर परत येण्याचा धोकाही. मामांचा ६४० होता.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. एचसीसी असलेल्या दर दहांपैकी तीन-चार जणांचा एएफपी नॉर्मलच असतो. अशा माणसाच्या बाबतीत ऑपरेशननंतरचा नॉर्मल एएफपी काहीही सांगत नाही, कारण तो आधीही बोलत नव्हता. तुमच्या माणसाचा ऑपरेशनआधीचा आकडा काय होता हे म्हणूनच वहीच्या पहिल्या पानावर हवं. आणि हिपॅटायटीस उसळला की गाठ नसतानाही एएफपी वाढतो. एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारा आकडा) वाढलेला असताना एएफपी थोडा चढला तर डॉक्टर आधी लिव्हरची सूज उतरू देतात, मग बोलतात.

ज्यांचा एएफपी मुका आहे त्यांच्यासाठी दुसरी एक तपासणी असते, पिव्का-टू. काही जण तिला डीसीपी म्हणतात. रक्त गोठवणारं एक प्रोटीन अर्धवट तयार झालं की ते रक्तात असं उतरतं. हे प्रोटीन पुरं व्हायला व्हिटॅमिन के लागतं. म्हणजे रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल, आठवडेच्या आठवडे जेवण नसेल, कावीळ तुंबून असेल किंवा अँटिबायोटिकचा मोठा कोर्स झाला असेल, तरीही पिव्का चढतो. हृदयाची झडप बदलून वॉरफरिन चालू असलेल्या माणसात तर या आकड्यावर विसंबता येत नाही. तपासणी महाग आहे. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय स्वतःहून करायच्या फंदात पडू नका.

उरलेलं लिव्हर कसं आहे

नवख्या माणसाचं सगळं लक्ष गाठीकडे असतं. गाठ काढून टाकली, बाटलीत घालून तपासायला पाठवली, आता तिचं काय ते बघू, असं. पण माणूस पुढं जगतो तो मागं उरलेल्या लिव्हरवर. ते सिरॉसिसनं, म्हणजे जुन्या सुजेनं व्रण पडून, कडक झालेलं असेल तर गाठ पूर्ण निघूनही माणूस थकत जातो. या भागाचं उत्तर देणारे आकडे साध्या एलएफटीतच असतात, पण बाजूला लाल बाण नसला की कुणी ते वाचत नाही.

फाईलमध्ये कुठेतरी 'चाइल्ड ए' किंवा 'चाइल्ड बी' लिहिलेलं सापडेल. ही मोजणी १९६४ पासूनची, १९७३ मध्ये सुधारलेली. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातलं पाणी आणि शुद्धीवरचा परिणाम, या पाच गोष्टींना एक ते तीन गुण. पाच-सहा गुण म्हणजे ए, सात ते नऊ बी, दहा आणि पुढं सी. लिव्हरचा तुकडा काढायचं ऑपरेशन शक्यतो ए असलेल्यांचंच करतात.

आता इथं थोडं थांबा, कारण 'ए आहे म्हणजे उत्तम' असं म्हणून लोक पुढं जातात. दोन माणसं घ्या. दोघांचं बिलिरुबिन १.०. एकाचं अल्ब्युमिन ४.२, दुसऱ्याचं ३.६. चाइल्डच्या हिशेबात ३.५ च्या वर सगळं एकच, त्यामुळे दोघांना सारखेच गुण. पण २०१५ मध्ये आलेला आल्बी नावाचा एक हिशेब आहे, त्यात फक्त बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन लागतं. बिलिरुबिनला १७.१ नं गुणून मायक्रोमोलमध्ये आणायचं, त्याचा लॉग (पाया दहा) घेऊन ०.६६ नं गुणायचं. अल्ब्युमिनला १० नं गुणून लिटरमागे ग्रॅम करायचं आणि ०.०८५ नं गुणून आधीच्या आकड्यातून वजा करायचं. पहिल्या माणसाचं उत्तर येतं उणे २.७६, दुसऱ्याचं उणे २.२५. उणे २.६० किंवा त्याहून खाली म्हणजे ग्रेड एक. त्याच्या वर, उणे १.३९ पर्यंत, ग्रेड दोन. त्याच्याही वर ग्रेड तीन. म्हणजे चाइल्डनं ज्यांना एकाच पाटावर बसवलं त्यांतला एक ग्रेड एक निघाला आणि दुसरा ग्रेड दोन. ऑपरेशननंतर ग्रेड एकचे लोक गट म्हणून जास्त वर्षं जगतात, हे पुष्कळ देशांतल्या रुग्णांत दिसलेलं आहे.

मामांचं अल्ब्युमिन ३.६ होतं. बाजूला लाल बाण नव्हता, म्हणून आधीच्या तीन रिपोर्टांत त्याच्याकडे कुणाचंही लक्ष गेलं नव्हतं, माझंसुद्धा.

अल्ब्युमिन वाढायला वेळ लागतो. रक्तात ते निम्मं व्हायलाच साधारण वीस दिवस घेतं, त्यामुळे आठवड्यानं पुन्हा तपासून काही हाती लागत नाही. बाटली चढवून वाढलेलं अल्ब्युमिन हिशेबात धरू नका, ते लिव्हरनं केलेलं नाही. जेवणाबद्दल एवढंच, की 'लिव्हरचा पेशंट आहे, पचायला हलकं द्या' म्हणत महिनोन्‌महिने पेज आणि भातावर ठेवणं चुकीचं आहे. अंडी, दूध, डाळ, उसळ डॉक्टरांना विचारून द्या आणि रात्री झोपताना काहीतरी खायला द्या. शेंगदाणे निवडून घ्या. पावसात भिजून बुरशी धरलेल्या शेंगांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं आणि ते थेट लिव्हरच्या कॅन्सरला कारण होतं. कुबट वास आलेले दाणे चटणीत कुटून संपवायची आपल्याकडची काटकसर इथं महागात पडते.

एलएफटीच्या बाहेरचा एक आकडाही याच घरात येतो, प्लेटलेट. लाखाच्या खाली असतील तर बहुतेक वेळा अर्थ असा, की लिव्हर कडक झाल्यानं पोटातल्या शिरांवरचा दाब वाढला आहे, प्लीहा मोठी झाली आहे आणि प्लेटलेट तिथं अडकत आहेत. पपईच्या पानांचा रस पाजून हा दाब उतरत नाही. झाडपाल्याच्या काविळीच्या औषधांपासून तर ऑपरेशन झालेल्या माणसाला लांबच ठेवा. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेलीच्या काढ्यानंतर लिव्हर सुजलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे. गुळवेल आपण घरचीच मानतो, तिची ही गत.

सीबीसीतला भागाकार

न्यूट्रोफिलच्या टक्क्याला लिम्फोसाइटच्या टक्क्यानं भागा. ७२ भागिले १८ म्हणजे ४. याला एनएलआर म्हणतात. न्यूट्रोफिल म्हणजे अंगातल्या जळजळीचं सैन्य, लिम्फोसाइट म्हणजे बिघडलेल्या पेशी ओळखून मारणारं. पहिलं जास्त आणि दुसरं कमी असेल तर ऑपरेशननंतरचा काळ गट म्हणून कठीण जातो, असं पुष्कळ अभ्यासांत दिसलं आहे. पण 'किती म्हणजे जास्त' यावर एकमत नाही. कुणी दोन धरतं, कुणी तीन, कुणी पाच. प्लेटलेट, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट एकत्र धरून केलेले आणखी हिशेब आहेत, आणि पोषणाचा एक आहे: अल्ब्युमिनला दहानं गुणायचं आणि लिम्फोसाइटच्या संख्येला ०.००५ नं गुणून त्यात मिळवायचं. ३.६ अल्ब्युमिन आणि १८०० लिम्फोसाइट म्हणजे ४५. जास्त तितकं बरं.

माझं मत विचाराल तर घरच्यांनी या भागाकारांच्या मागं लागू नये. दाढ सुजली, छाती भरली, स्टेरॉइडची गोळी लागली की एनएलआर उडी मारतो. मामांच्या पायात रानात खिळा घुसून पू झाला होता, त्या आठवड्यात त्यांचा ७ आला. शेवटच्या रकान्यात 'पायाला गळू' लिहिलेलं होतं म्हणून डॉक्टरांनी तो आकडा सोडून दिला. तीन आठवड्यांनी तो २.८ होता.

ऑपरेशननंतरचे सात दिवस

या दिवसांत आकडे रोज येतात आणि रोज घाबरवतात. एसजीओटी-एसजीपीटी पहिल्या एक-दोन दिवसांत शेकड्यांत जातात. लिव्हर कापलं आहे, ते जाणारच. ते उतरत आहेत ना, एवढंच बघायचं. बिलिरुबिन आणि आयएनआरही आधी चढतात. लक्ष पाचव्या दिवसाकडे ठेवा.

२००५ मध्ये फ्रान्सच्या सर्जननी लिव्हरच्या ७७५ ऑपरेशनांचा हिशेब मांडला. पाचव्या दिवशी बिलिरुबिन ५० मायक्रोमोलच्या वर, म्हणजे आपल्या रिपोर्टमध्ये साधारण २.९ च्या वर, आणि रक्त गोठण्याची ताकद नॉर्मलच्या निम्म्याहून कमी, म्हणजे आयएनआर ढोबळमानानं १.७ च्या पुढं, असं दोन्ही एकत्र असेल तर धोका फार मोठा. दोन्ही एकत्र नसेल तर फारच थोडा. सर्जन लोक याला 'फिफ्टी-फिफ्टी' म्हणतात. राउंडला डॉक्टर आपसांत हा शब्द बोलले तर 'जगायची शक्यता निम्मी' असा अर्थ घेऊ नका. आमच्या घरातल्या एकानं तो घेतला होता आणि कॅन्टीनमध्ये बसून रडला होता. मामांचं तेव्हा बिलिरुबिन तिसऱ्या दिवशी २.४ आणि पाचव्या दिवशी १.७ होतं, आयएनआर १.४. म्हणजे सगळं उताराला लागलेलं.

आयएनआर उतरला असेल तर एक विचारून घ्या: एफएफपीची, म्हणजे गोठवून ठेवलेल्या प्लाझ्माची, पिशवी दिली होती का? दिली असेल तर तो उतार काही प्रमाणात त्या पिशवीचा आहे. आणि सीआरपी (अंगातली जळजळ दाखवणारा आकडा) दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढून उतरतो. उतरलेला पुन्हा चढायला लागला तर कुठेतरी इन्फेक्शन शोधायला हवं.

एएफपी किती दिवसांत उतरायला हवा

गाठ पूर्ण निघाली असेल तर एएफपी साधारण पाच ते सात दिवसांत निम्मा होत जातो. हा हिशेब घरी करता येतो. मामांचा ६४०. सात दिवस धरले तर एका आठवड्यानं ३२०, दुसऱ्यानं १६०, मग ८०, चौथ्या आठवड्यात ४०. प्रत्यक्षात चौथ्या आठवड्यात आला ३८. रिपोर्टवर लाल बाण होता, कारण नॉर्मल दहाच्या आत. लॅबमध्ये मामा काउंटरला रेलून उभे. "पोरी, उतरलाय का न्हाई तेवढं सांग." मी कागदाच्या मागच्या बाजूला ६४०, ३२०, १६०, ८०, ४० असं एकाखाली एक लिहून दाखवलं. उसाचा हिशेब बघावा तसं त्यांनी बोट लावून ते वाचलं आणि म्हणाले, "म्हंजे रस्त्याला लागलाय." आठव्या आठवड्यात तो ६ झाला.

म्हणून ऑपरेशननंतर आठव्या दिवशी एएफपी करून 'अजून तीनशे आहे' म्हणून रात्र जागवू नका. दोन महिन्यांनंतरही तो नॉर्मलला आला नाही, किंवा मधेच थांबून चढायला लागला, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

बायोप्सीच्या कागदाशेजारी ठेवून वाचा

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट दहा-बारा दिवसांनी येतो. त्यात गाठी किती, केवढ्या, कडा मोकळ्या आहेत का, आणि 'मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन' आहे का ते बघा. शेवटच्याचा अर्थ, बारीक रक्तवाहिन्यांत गाठीच्या पेशी सापडल्या का. भवितव्याच्या तराजूत हा कागद रक्ताच्या कुठल्याही एका आकड्यापेक्षा जड आहे.

आता कटू गोष्ट. एचसीसीची गाठ काढलेल्यांपैकी पाच वर्षांत ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या लिव्हरमध्ये पुन्हा गाठ दिसते. हे वाचून वही मिटू नका, कारण त्याच वेळी, लिव्हर चांगलं असलेल्या आणि नीट निवडून ऑपरेशन केलेल्या लोकांपैकी निम्म्याहून जास्त पाच वर्षांनंतरही असतात. परत आलेली गाठ लहान असताना सापडली तर ती पुन्हा कापता येते, सुईनं जाळता येते, काहींना लिव्हर बदलण्याचा मार्गही असतो.

परत येण्याच्या दोन वाटा आहेत, आणि रक्ताचे आकडे त्यांत वाटले गेले आहेत. पहिल्या दोन वर्षांत परत येणारी गाठ बहुतेक वेळा जुन्याच गाठीच्या मागं राहिलेल्या पेशींची असते. तिचा अंदाज ऑपरेशनआधीचा एएफपी आणि रक्तवाहिन्यांतल्या पेशी देतात. दोन वर्षांनंतर येणारी बहुतेक वेळा नवीच असते, आजारी लिव्हरनं पुन्हा घडवलेली. तिचा अंदाज अल्ब्युमिन, प्लेटलेट आणि विषाणूचा आकडा देतात. पहिल्या वाटेवर आपल्या हातात लवकर बघणं एवढंच आहे. दुसऱ्या वाटेवर पुष्कळ काही करता येतं, आणि नेमकं तेव्हाच लोक 'आता बरा झाला' म्हणून फाईल माळ्यावर टाकतात.

पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी स्कॅन आणि एएफपी, नंतर दर सहा महिन्यांनी, असा रिवाज आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच धरा. नुसत्या रक्तावर भागवू नका, स्कॅन लागतोच. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाणार असाल तर रक्त आठवडाभर आधी इथं द्या आणि रिपोर्ट घेऊनच गाडीत बसा. सरकारी आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर नंतरच्या कोणत्या तपासण्या त्यात बसतात हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला डिस्चार्जच्या आधीच विचारा.

विषाणूचा आकडा

हिपॅटायटीस बी असेल तर एचबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे, हा रकाना वहीत हवाच. विषाणूचा भार जास्त असेल तर गाठ परत येण्याचा धोका वाढतो, आणि तो भार एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिरच्या रोजच्या एका गोळीनं खाली आणता येतो. या सगळ्या वहीत गोळी घेऊन बदलता येणारा आकडा हा एवढाच. ती गोळी मनानं बंद करू नका. बंद केली की विषाणू उसळतो, आणि अर्धं लिव्हर उरलेल्या माणसाला ती उसळी झेपत नाही. हिपॅटायटीस सी असेल तर साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांच्या शरीरातून पूर्ण जातो. ऑपरेशननंतर त्या कधी सुरू करायच्या ते डॉक्टर सांगतील.

बी निघाला तर घरातल्या प्रत्येकाची एचबीएसएजी (हिपॅटायटीस बी आहे का ते सांगणारी) तपासणी करा: बायको, मुलं, भाऊ-बहिणी. निगेटिव्ह येतील आणि आधी लस झालेली नसेल त्यांना लस, आज, एका महिन्यानं आणि सहाव्या महिन्यात. एका ताटात जेवल्यानं हा होत नाही, त्यामुळे ताट-वाटी वेगळी करून माणसाला घरातल्या घरात परका करू नका. रेझर आणि टूथब्रश मात्र वेगळे ठेवा.

मामांच्या घरातल्या सात जणांचं रक्त एका रविवारी मीच घेतलं. सोप्यात चटई टाकून, ओळीनं बसवून. सहा निगेटिव्ह आले. धाकट्या मामेभावाचा पॉझिटिव्ह, वय एकतीस. सोनोग्राफी केली, गाठ नव्हती. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी, असं ठरलं. संध्याकाळी मामांनी कागलच्या बाजारातून आणखी एक शंभर पानी वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि शेवटचा रकाना रुंद ठेवला.